भिवंडी कशी विसरलात?

‘वरिष्ठ अधिकारी समाजमाध्यमांवर दिसू लागले की लोकांचा विश्वास वाढतो’ हे पोलिसांवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. आपल्याच ठाणे पोलीस आयुक्तालयातली भिवंडी १९८४च्या दंगलीत होरपळली होती, पण १९९२-९३ला मुंबईत दंगली पेटल्या तेव्हा शांत राहिली. पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी त्याआधीच तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या होत्या. हिंदू-मुसलमान शेजारी आणि साधे पोलीस शिपाई एकत्र बसायचे, एकमेकांना नावानिशी ओळखायचे. नेतृत्व म्हणतात ते हे!

माझी आई साखळी चोरीची तक्रार द्यायला गेली तेव्हा दोन तास बाकावर बसून होती. शेवटी एका महिला शिपायाने पाणी दिलं, सगळं शांतपणे ऐकून लिहून घेतलं. साखळी मिळाली नाही, पण त्या मुलीचं नाव आई अजून काढते.