कॉन्कॉर्ड त्या अपघाताने बंद पडलं नाही

‘पॅरिसच्या अपघातानंतर कॉन्कॉर्ड पुन्हा कधीच उडालं नाही’ असा मजकूर सध्या फिरतोय. आवाजापेक्षा जास्त वेगाने उडणाऱ्या या प्रवासी विमानाबद्दलचा हा दावा चुकीचा आहे.

अपघात खरा. २५ जुलै २००० रोजी एअर फ्रान्सचं कॉन्कॉर्ड उड्डाण करताच पेटून कोसळलं आणि ११३ जणांचा जीव गेला. आधी उडालेल्या दुसऱ्या विमानाची जेमतेम ४३ सेंटीमीटरची धातूची पट्टी धावपट्टीवर पडली होती. तिच्यामुळे टायर फाटला आणि त्याचा साडेचार किलोचा तुकडा पंखावर खालून आदळला. त्या धक्क्याने इंधनाच्या टाकीत दाबाची लाट उठून टाकी फुटली.

पण पुढचं कोणी सांगत नाही. टाक्यांना आतून केवलार या अतिशय मजबूत कृत्रिम धाग्याचं अस्तर लावलं, नवे मजबूत टायर बसवले आणि ७ नोव्हेंबर २००१ पासून कॉन्कॉर्ड पुन्हा प्रवासी नेऊ लागलं. इंजिनिअरांची ही मेहनत अशी पुसली जाऊ नये.

सेवा थांबली ती २००३ मध्ये: एअर फ्रान्सची मे महिन्यात, ब्रिटिश एअरवेजची २४ ऑक्टोबरला. अपघाताने विश्वासाला तडा गेला होताच. त्यात अमेरिकेवरच्या ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर प्रवासी घटले, देखभालीचा खर्च वाढत गेला आणि विमान बनवणाऱ्या एअरबस कंपनीने तांत्रिक पाठबळ काढून घ्यायचं ठरवलं.