कुकरची शिट्टी आणि आपला राग

आमच्या फॅमिली ग्रुपवर पुन्हा तोच फॉरवर्ड फिरतोय. राग म्हणजे प्रेशर कुकर, शिट्टी होऊ द्या नाहीतर स्फोट होईल, उशी बडवा, ओरडा, मोकळे व्हा. आणि खाली नेहमीचं 'संशोधनाने सिद्ध'. मुद्दे एकेक करून घेतो.

राग वाफेसारखा साठतो म्हणे. ही फ्रॉइडच्या काळातली कल्पना आहे, १८९५ च्या आसपासची. कुकरमध्ये वाफ असते हो, डोक्यात नसते. मागच्या महिन्यात पार्किंगवरून एकाशी वाजलं आणि घरी येऊन मी तासभर बायकोला तेच तेच सांगत बसलो, तर पहिल्यांदा सांगताना तो नुसता उद्धट होता, चौथ्यांदा सांगेपर्यंत त्याला हाणायलाच हवं होतं असं वाटायला लागलं. कुठे गेली वाफ?

बडवलं की शांत होतो, हा दुसरा. ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञानं २००२ मध्ये ६०० कॉलेजच्या पोरापोरींवर हेच तपासलं. आधी त्यांच्या निबंधाला 'इतका वाईट निबंध क्वचितच वाचलाय' अशा अर्थाचा शेरा मारून भडकवलं, मग काहींना शेरा मारणाऱ्याचा फोटो बघत पंचिंग बॅग ठोकायला लावली, काहींना व्यायामाचा विचार करत, आणि काहींना दोन मिनिटं नुसतं गप्प बसवलं. पुढे हेडफोनमधून त्या माणसाला कर्कश आवाज ऐकवायची संधी दिली, तर फोटो बघून ठोकणारे सगळ्यात चिडलेले आणि सगळ्यात आक्रमक निघाले, नुसते बसलेले सगळ्यात कमी!

मग काय राग गिळायचा, बीपी वाढवायचं? नाही ना. गिळणं आणि शांत होणं वेगळं. २०२४ मध्ये १५४ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा श्वास, ध्यान, योग असल्या अंगातली धग उतरवणाऱ्या गोष्टींनी राग कमी झालेला दिसला, धग वाढवणाऱ्यांनी एकूणात नाही. जॉगिंगनं तर उलट वाढला. (हार्टसाठी पळा, खुशाल.)

'शिमग्याला बोंब मारतात ती याचसाठी' असंही आहे त्यात. अहो, होळीपुढे बोंबलणारा मजेत असतो, बॉसवर भडकून कोण जातं तिथे?

आता ते 'सिद्ध'. १९९९ मध्ये बुशमन आणि मंडळींनी लोकांना राग बाहेर काढणं चांगलं असं सांगणारा बनावट लेख वाचायला दिला. चिडवल्यावर त्यांनाच बॅग ठोकायची जास्त हौस आली, आणि ठोकून झाल्यावरही ते जास्तच आक्रमक वागले. म्हणजे आमच्या ग्रुपवरच्या त्या फॉरवर्डसारखाच लेख होता तो.