घटलेलं वजन आणि गप्प बाळ: एका फॉरवर्डला उत्तर

रात्री पावणेदोनला भाचीचा मेसेज आला. बाळ चार दिवसांचं. वर एक फॉरवर्ड आणि खाली एवढंच: ‘मावशी, हे खरं आहे का?’

फॉरवर्ड तुम्हीही पाहिला असेल. त्यात म्हटलं होतं ते थोडक्यात असं. जन्मानंतर बाळाचं वजन घटलं तर आईचं दूध पुरत नाही असं समजा. खरं दूध तीन दिवसांनी उतरतं, तोवर पाणी किंवा डब्याचं दूध द्या. शांत झोपणारं बाळ म्हणजे पोट भरलेलं बाळ. वजन दर महिन्याला एक किलो वाढलंच पाहिजे. वाढीच्या तक्त्यावर मधल्या रेषेच्या खाली म्हणजे कुपोषण. बाळ गुबगुबीत दिसलं पाहिजे, नसेल तर बाटलीतल्या दुधात पीठ मिसळा. आणि वजन रोज करा. शेवटी हात जोडलेले आणि ‘प्रत्येक आईपर्यंत पोहोचवा’.

नवजात बाळांची वजनं घेण्यात माझी बरीच वर्षं गेली. हा मेसेज भीती दाखवतो म्हणून माझा राग नाही. जिथे घाबरायचं कारण नाही तिथे तो घाबरवतो आणि जिथे खडबडून जागं व्हायला हवं तिथे निश्चिंत करतो, हा माझा आक्षेप आहे. भाचीच्या बाबतीत दोन्ही एकाच वेळी घडत होतं. ते पुढे येईलच.

‘वजन घटलं म्हणजे दूध पुरत नाही’

पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाच्या वजनातला सुमारे पाऊण हिस्सा पाणीच असतो. पोटात असताना साठवलेलं जादा पाणी बाळ पहिल्या दोन-तीन दिवसांत शूवाटे आणि त्वचेवाटे बाहेर टाकतं. आतड्यात साचलेली काळी, चिकट शी बाहेर पडते, तिचंही वजन असतंच. त्या दिवसांत पोटात जाणारं दूध मोजकं असतं. म्हणजे जावक जास्त, आवक कमी. अशात वजन उतरणार नाही तर काय होईल?

किती उतरतं? बहुतेक बाळांचं जन्मवजनाच्या ५ ते ७ टक्के. सगळ्यात खाली ते दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान जातं, मग चढायला लागतं, आणि बहुतेक बाळं १० ते १४ दिवसांत जन्मवजनाला परत येतात. डब्याच्या दुधावरच्या बाळांचं थोडं कमी घटतं, कारण त्यांच्या पोटात पहिल्याच दिवशी जास्त दूध जातं. यावरून अंगावरचं दूध कमअस्सल ठरत नाही.

प्रसूतीचाही वाटा आहे. उत्तर कॅलिफोर्नियातल्या, फक्त अंगावर पिणाऱ्या एक लाखाहून अधिक नवजात बाळांच्या नोंदींचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. नॉर्मल डिलिव्हरीच्या बाळांपैकी जवळपास ५ टक्के बाळांचं वजन ४८ तासांत १० टक्के किंवा त्याहून जास्त घटलं होतं. सिझेरियनच्या बाळांत हे प्रमाण १० टक्क्यांवर होतं, आणि ७२ तासांनंतर चौथाईहून अधिक. शिवाय कळांच्या वेळी आईला सलाईनवाटे बरंच पाणी दिलं गेलं असेल, तर त्यातलं काही बाळातही उतरतं. जन्मवजन थोडं फुगलेलं नोंदलं जातं आणि मग ‘घट’ आहे त्याहून मोठी दिसते.

मात्र १० टक्के बऱ्याच बाळांत दिसतात म्हणून तिकडे काणाडोळा करायचा, असं नाही. १० टक्क्यांपाशी थांबून बाळ तपासायचं. दूध पिताना पाहायचं, कावीळ पाहायची, गरज वाटली तर डॉक्टर रक्तातलं सोडियम (मिठातला क्षार) किती आहे तेही तपासतात. तीन आठवडे होऊनही जन्मवजन परत आलं नसेल, तर त्याचाही शोध घ्यावा लागतो.

भाचीला मी आधी आकडे विचारले. जन्माच्या वेळी ३.२ किलो, आता २.९८. म्हणजे २२० ग्रॅम, सात टक्क्यांच्या आत. आकडा ठीक होता.

‘तीन दिवस दूध नसतं, तोवर पाणी द्या’

दूध असतं. त्याला चीक म्हणतात. दाट, पिवळसर, आणि इतकं थोडं की पाहणाऱ्याला वाटतं काहीच येत नाही. पहिल्या २४ तासांत बाळ एका वेळी साधारण २ ते १० मिली पितं. चमचाभर म्हटलं तरी चालेल. चिकात संसर्गाशी लढणारी प्रथिनं भरपूर असतात, आणि काळी शी लवकर बाहेर पडायलाही तो मदत करतो. भरपूर दूध दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास उतरतं. पहिलटकरणीला किंवा सिझेरियननंतर ते एखाद-दुसरा दिवस उशिराही उतरू शकतं. दूध उतरायला बाळाने छातीला वारंवार लागावं लागतं, २४ तासांत आठ ते बारा वेळा. पोट दुसऱ्याच कशाने भरलं की बाळ तेवढ्या वेळा ओढत नाही, आणि मग दूध खरोखरच मागे पडतं. मेसेज आपलं भाकीत असं स्वतःच खरं करून दाखवतो.

पाण्याचं तर नावच नको. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचं मूत्रपिंड जादा पाणी पटकन बाहेर टाकू शकत नाही. रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि झटके येऊ शकतात. डब्याचं दूध ठरल्यापेक्षा पातळ कालवण्याचा धोकाही हाच. आणि साखरपाण्याऐवजी मध चाटवावा असं कोणी सुचवलं तर तोही नको. वर्षाच्या आत मधातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

काही बाळांना पहिल्या दिवसांत वरून दूध द्यावं लागतं, हे मात्र खरं. शक्य असेल तर आधी आईचंच काढलेलं, नाहीतर डॉक्टरांनी सांगितलेलं. तो उपचार आहे. त्यात आईचा पराभव शोधू नये. माझा वाद आहे तो न तपासता, मेसेज वाचून, सरसकट सुरू केलेल्या बाटलीशी.

‘शांत झोपणारं बाळ म्हणजे पोट भरलेलं बाळ’

सगळ्या मेसेजमध्ये मला ही ओळ सगळ्यात भयंकर वाटते, आणि हिच्यावर कोणी शंका घेत नाही. उपाशी बाळ रडतं, हे सुरुवातीलाच खरं असतं. पुरेसं न मिळणारं बाळ काही काळाने ताकद वाचवायला लागतं. दोन घोट घेतं आणि छातीशीच झोपी जातं. चार-पाच तास उठत नाही. घरातले म्हणतात, किती गुणी बाळ!

पहिल्या आठवड्यात, निदान जन्मवजन परत येईपर्यंत, बाळ रात्रीही दर दोन-तीन तासांनी प्यायला हवं. नसेल उठत तर उठवायचं. आणि पोटात जातंय की नाही हे लंगोट सांगतो. पहिल्या दिवशी निदान एकदा शू, दुसऱ्या दिवशी दोनदा, असं वाढत पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत सहा किंवा जास्त ओले लंगोट. शी आधी काळी, मग हिरवट, आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी. लंगोटावर विटकरी किंवा नारिंगी डाग पहिल्या दोन दिवसांत चालतात, त्यानंतर दिसत राहिले तर बाळाला दूध कमी पडतंय. पिताना गिळल्याचा आवाज ऐकू येतो का, हेही कान देऊन ऐकावं.

भाचीला लंगोटाचं विचारलं. थोडा वेळ काही उत्तर नाही. मग आलं: काल सकाळपासून दोन. शी अजून काळीच. आणि ‘पण मावशी, ती तर पाच-पाच तास छान झोपते’.

वजनाचा आकडा ठीक, लंगोटांचा नाही. फॉरवर्डने तिला नेमकं उलटं घाबरवलं होतं. बाळाला आत्ता उठवून पाज आणि सकाळ होताच डॉक्टरकडे ने, असं सांगितलं. बाळाला उठवून उठत नसतं, प्यायलाच तयार नसतं किंवा अंग तापलेलं असतं, तर सकाळची वाटही पाहू दिली नसती. अशा बाळाच्या अंगातलं पाणी कमी होऊन सोडियम धोकादायक वाढलेलं असू शकतं. तपासणीत कावीळ थोडी निघाली, बाकी ठीक. छातीची पकड उथळ होती. बाळ नुसतं बोंड तोंडात धरत होतं. पकड सुधारली, दर पाजण्यानंतर काढलेलं दूध चमच्याने दिलं, घड्याळ लावून उठवलं. एवढंच.

‘दर महिन्याला एक किलो’

हिशेब करून पाहू. ३.३ किलोने जन्मलेला मुलगा, दरमहा एक किलो, तर पहिल्या वाढदिवशी १५.३ किलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात हे साडेतीन वर्षांच्या मुलाचं मधलं वजन आहे!

पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला २५ ते ३० ग्रॅमच्या आसपास वाढ होते, पुढच्या तीन महिन्यांत साधारण १५ ते २०, आणि मग आणखी मंद. त्याच तक्त्यात मुलाचं मधलं वजन सहा महिन्यांना ७.९ किलो आहे आणि वर्षाला ९.६. मुलीचं ७.३ आणि ८.९. अकराव्या ते बाराव्या महिन्यात दोघांचीही वाढ जेमतेम २०० ग्रॅम. तोवर बाळ रांगतंय, उभं राहतंय, हाती लागत नाहीये. सातव्या महिन्यानंतर ‘वजन अडकलं’ म्हणून येणाऱ्या कित्येक आयांचं बाळ वेळापत्रकाप्रमाणेच मंदावलेलं असतं.

‘मधल्या रेषेच्या खाली म्हणजे कुपोषण’

मधली रेष म्हणजे पन्नासावं पर्सेंटाइल. शंभर निरोगी बाळं वजनानुसार ओळीत उभी केली तर पन्नास जणं तिच्या खाली असणारच. ते परीक्षेतले मार्क नव्हेत. पंधराव्या पर्सेंटाइलवर जन्मलेलं आणि वर्षभर त्याच्याच आसपास राहिलेलं बाळ उत्तम वाढतंय.

तक्ते कुठून आले हेही कळायला हवं. जगभर बराच काळ वापरलेले १९७७ चे अमेरिकी तक्ते घ्या. त्यातली दोन वर्षांखालची आकडेवारी ओहायोतल्या एका अभ्यासातली होती, आणि त्यातली बहुतेक बाळं बाटलीवरची. त्या मापाने अंगावर पिणारं धडधाकट बाळ तीन-चार महिन्यांनंतर ‘मागे पडल्यासारखं’ दिसायचं, आणि त्यावर इलाज म्हणून बाटली सुरू व्हायची. मग १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या सुमारे ८,५०० मुलांची मापं घेतली गेली. तान्ही बाळं अंगावर पिणारी, आया धूम्रपान न करणाऱ्या. त्यावरून जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये नवे तक्ते दिले. लक्षणीय गोष्ट अशी की पोषण आणि काळजी नीट असेल तर या सहा देशांतली मुलं उंचीने जवळजवळ सारखीच वाढली.

तक्त्यावर ठिपक्यापेक्षा रेषेची दिशा पाहायची. बाळ दोन मुख्य रेषा ओलांडून खाली आलं, वजन महिनोन्‌महिने सपाट राहिलं किंवा पहिल्या दिवसांनंतर कधीही घटलं, तर तपासायला हवं. जुलाब-उलट्यांत दोन दिवसांत उतरलेलं वजन बहुतांशी पाणी असतं, आणि तिथे घाई करावी लागते. लांबी आणि डोक्याचा घेरही सोबत पाहायचे. अन्न कमी पडलं तर आधी वजन मागे पडतं, मग लांबी, आणि डोकं सगळ्यात शेवटी. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचं वय दोन वर्षांपर्यंत दुरुस्त करून वाचतात: दोन महिने आधी आलेलं बाळ चार महिन्यांचं झालं की तक्त्यावर दोन महिन्यांच्या जागी.

गुबगुबीतपणा आणि बाटलीतलं पीठ

वळ्या पडलेलं बाळ निरोगी असू शकतं, सडपातळही असू शकतं. पण तान्हेपणी फार झपाट्याने वजन वाढलेल्या मुलांत पुढे लठ्ठपणा जास्त आढळतो, तेव्हा वळ्यांसाठी आटापिटा कशाला? बाटलीत पीठ मिसळल्याने ठसका लागू शकतो, आणि दूध-पाण्याचं प्रमाणही बिघडतं. वरचं अन्न सहा महिन्यांच्या सुमारास, चमच्याने.

‘रोज वजन करा’

वजनावर लक्ष ठेवा, एवढाच यातला अर्थ असेल तर मेसेजचं हे एक वाक्य मी मान्य करते. पण रोज कशाला? एकदा पोटभर प्यायलं की काटा ६०-७० ग्रॅम किंवा जास्त वर, एक भरलेला लंगोट की तितकाच फरक, आणि दुसऱ्या काट्यावर आणखी काही. एका दिवसाची खरी वाढ तीस ग्रॅम. ती या गोंधळात दिसणार कशी? पहिले दोन आठवडे आणि आजारपण सोडलं, तर ब्रिटनमध्ये सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदाच वजन करा, पुढे वर्षापर्यंत दोन महिन्यांनी एकदा, असं सांगतात. बाळ उघडं, काटा तोच.

भाचीने तरीही घरी काटा आणलाच. मी रागावले नाही, मीही तिच्या वयाची असताना आणला असता. अकराव्या दिवशी तिचा फोटो आला. मला वाटलं काट्याचा असेल. निघाला लंगोटाचा, मोहरीसारखी पिवळी शी, दिवसातली चौथी.