कर्नलची परीक्षा

आमच्या सोसायटीत माझ्याविषयी एक आदरयुक्त गैरसमज आहे आणि तो पसरवण्याचे श्रेय माझ्या आईकडे जाते. "मुलगा नेमकं काय करतो?" या शेजारच्या काकूंच्या प्रश्नाला तिने "कर्नलच्या चाचण्या घेतो" असे उत्तर दिले, आणि ते अक्षरशः खरे होते. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा आणि लष्करातला अधिकारी या दोघांनाही आपण कर्नलच म्हणतो, हा दोष आईचाही नाही आणि काकूंचाही नाही. पण तेव्हापासून काकू मला जिन्यात वाट देतात आणि आवाज खाली आणून विचारतात, "काय रे, झाले का तुझे कर्नल पास?" सुरुवातीला मी खुलासा करून पाहिला. 'लिनक्स' हे माझ्या कर्नलचे नाव ऐकून त्या "असं होय, परदेशी आहेत" म्हणाल्या, आणि लिनस तोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तो १९९१ साली फिनलंडमध्ये लिहायला घेतला हे लक्षात घेता त्यांचे म्हणणे काही चूक नव्हते. मी खुलासा करणे सोडून दिले.

साधा प्रोग्रॅम कोसळतो तेव्हा कर्नल जागेवर असतो. तो गेलेल्याची मेमरी परत घेतो, उघड्या राहिलेल्या फायली मिटतो आणि कशाने गेला तेही सांगतो. कर्नलच कोसळला तर मात्र सांगायला घरात कोणी उरत नाही. 'कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग' एवढे पुटपुटून तो डोळे मिटतो, म्हणजे लिहायचे राहिलेले काही आता डिस्कवर जाणार नाही, हे जाता जाता कळवण्याइतका तो सभ्य असतो. त्यामुळे चालत्या लॅपटॉपच्या कर्नलवर प्रयोग करण्याऐवजी आम्ही क्यूएमू नावाचे खोटे यंत्र खऱ्या यंत्राच्या पोटात चालवतो आणि त्यात रोज पन्नास वेळा मरण पत्करतो.

त्याआधी कर्नल बिल्ड करावा, म्हणजे मूळ कोडपासून चालवण्याजोगा बनवावा लागतो. मूळ कोड तीन कोटी ओळींच्या वर आहे, पण सगळा लागत नाही. काय हवे ते कॉन्फिग नावाच्या यादीत निवडायचे असते. हे काम हळदीकुंकवाची यादी करण्यासारखे आहे: एकीला बोलावले की तिच्या जावेला बोलवावे लागते, जावेला बोलावले की तिची नणंद आलीच, आणि एवढे करून जिच्यासाठी घाट घातला तिचेच नाव यादीतून गळालेले असते. माझे एक बिल्ड गुरुवारी अर्ध्यावर बुडाले, कारण पुण्यात गुरुवार हा दुरुस्तीसाठी वीज किंवा पाणी जाण्याचा वार आहे आणि बॅटरीने दोन वर्षांपूर्वीच राजीनामा दिला आहे. संध्याकाळी नव्याने बिल्ड केलेला कर्नल उठला, दोन सेकंद भराभर बोलला, आणि रूट फाइल सिस्टिम, म्हणजे सगळ्या फायलींचे मूळ घर, 'अननोन ब्लॉक शून्य, शून्य' वर सापडत नाही म्हणून मेला. डिस्कचा ड्रायव्हर, म्हणजे तिच्याशी बोलणारा कोड, यादीत घालायला मी विसरलो होतो.

हे सगळे सुरळीत झाले की चाचण्या सुरू होतात. कर्नलच्या आत छोट्या चाचण्या लिहिण्यासाठी केयुनिट नावाची सोय जानेवारी २०२० मध्ये आलेल्या ५.५ या आवृत्तीपासून आहे. तिच्यात दोन प्रकारचे परीक्षक असतात. 'एक्सपेक्ट' हा मवाळ परीक्षक चूक दिसली की लाल खूण करतो, पण पेपर पुढे लिहू देतो; 'असर्ट' मात्र पहिल्याच चुकीला हातातून पेपर काढून घेतो. मी स्वभावाने एक्सपेक्टवाला आहे. त्यामुळे एकदा रिकामा पॉइंटर (मेमरीतला कुठलाच पत्ता नसलेला) मिळाल्याची लाल खूण झाल्यावरही माझी चाचणी निष्ठेने पुढे गेली, त्याच पॉइंटरवर पाय ठेवला आणि परीक्षार्थी, परीक्षक व परीक्षा केंद्र असे सगळे एकदम कोसळले.

ज्या चाचण्या शंभरात एकदाच नापास होतात, त्यांच्यापायी माझी दोन वर्षे गेली आहेत. काय घडते ते पाहावे म्हणून कोडमध्ये एक प्रिंटके, म्हणजे संदेश छापणारी ओळ, टाकावा, तर त्या छपाईला लागणाऱ्या वेळामुळेच एकाच वेळी चालणाऱ्या कोडच्या दोन धाग्यांची शर्यत टळते आणि चाचणी हजार वेळा पास होते. प्रिंटके काढला की चहा येईपर्यंत पुन्हा नापास. डॉक्टरांच्या दारात पाऊल ठेवताच थांबणारी दाढदुखी ज्यांनी भोगली आहे, त्यांना यापेक्षा जास्त सांगायला नको.

कर्नल लिहिणारी मंडळी मात्र माझ्यापेक्षा कितीतरी संशयी आहेत. कर्नलमध्ये जिफीज नावाचा एक ठोके मोजणारा गणक असतो. तो ३२ बिटांचा असेल आणि सेकंदाला १००० ठोके पडत असतील, तर सुमारे ४९.७ दिवसांनी भरून पुन्हा शून्यावर येतो, आणि नेमक्या त्या क्षणी निष्काळजी कोडची वाट लागते. पन्नास दिवस यंत्राकडे डोळे लावून कोण बसणार? म्हणून या मंडळींनी गणकाची सुरुवातच शून्यावर येण्याच्या पाच मिनिटे आधीच्या आकड्यावर ठेवली, म्हणजे जो काही फटाका फुटायचा तो चहा गरम असतानाच फुटावा. परत केलेल्या मेमरीचेही तसेच. तपासणीची सोय चालू केली की ती मेमरी '६बी' या खुणेच्या आकड्याने भरून टाकतात. रिकाम्या केलेल्या घराच्या भिंतींना ओला चुना फासून ठेवावा तसे हे आहे. नंतर कोणाच्या बाहीला चुना दिसला, तर तो नको तिथे जाऊन आला हे उघड होते.

याच संशयी परंपरेला स्मरून मी एक चाचणी लिहिली, आणि तिचा मला फार अभिमान होता. आमचा ड्रायव्हर चार ठिकाणी कर्नलकडे मेमरी मागतो. कर्नल सहसा नाही म्हणत नाही, त्यामुळे नकार मिळाल्यावर आवराआवर करणारा कोड वर्षानुवर्षे चालतच नाही. पण कर्नलला मुद्दाम नकार द्यायला लावण्याची फेलस्लॅब नावाची सोय आहे. ती वापरून पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या अशा प्रत्येक मागणीला नकार द्यायचा आणि आधी घेतलेले सगळे परत होते का ते पाहायचे, अशी ती चाचणी होती. ही सोय कॉन्फिगमध्ये नसेल तर उगाच कोणाला त्रास नको, म्हणून सौजन्याने 'स्किप' करण्याची एक ओळही मी लिहिली. शिवाय निकाल मोजणारी तीन ओळींची स्क्रिप्टही माझीच. 'ओके'ने सुरू होणाऱ्या ओळी ती मोजायची आणि रोज सकाळी 'सर्व २४ पास' अशी मेल धाडायची. तीन महिने मेल येत राहिली. मॅनेजरांनी एका मीटिंगमध्ये माझे नाव घेतले.

मग एका ग्राहकाकडे मेमरी कमी पडली आणि ड्रायव्हर यंत्रासकट झोपला. "ही बाजू आपण तपासली होती ना?" मॅनेजरांनी विचारले. "रोज तपासतो," मी म्हणालो, आणि पुरावा म्हणून मूळ लॉग तीन महिन्यांत पहिल्यांदाच उघडला. त्यात ओळ होती: 'ओके ७', पुढे चाचणीचे नाव, त्यापुढे एक हॅशचे (#) चिन्ह आणि 'स्किप'. वगळलेल्या चाचणीची ओळही 'ओके'नेच सुरू होते, असा त्या निकालाच्या मांडणीचा नियमच आहे. तो मी वाचला होता आणि विसरलो होतो. कॉन्फिगमध्ये फेलस्लॅब नव्हता. जावेला बोलावले होते, नणंदेलाही बोलावले होते.

सोय चालू करून चाचणी चालवली, तेव्हा एक सेकंदही लागला नाही. केसॅन या मेमरीवरच्या पहारेकऱ्याने रीतसर पंचनामा लिहून दिला: ही जागा घेतली कोणी, परत केली कोणी, आणि परत केल्यानंतर तिच्यावर लिहिले कोणी, प्रत्येकाच्या येण्याजाण्याच्या वाटेसह. तिसऱ्या नकारानंतर आमचा ड्रायव्हर बफर, म्हणजे मागून घेतलेला मेमरीचा तुकडा, आधी सोडून देत होता आणि मग त्याच बफरमध्ये 'आवरले' अशी नोंद करत होता. दोन ओळींची अदलाबदल करायला चार मिनिटे लागली. "ड्रायव्हर तर कालचाच आहे म्हणतोस, मग काल पास आणि आज नापास कशी?" या मॅनेजरांच्या प्रश्नाला मात्र अख्खी दुपार गेली.

संध्याकाळी जिन्यात काकू भेटल्या. "काय रे, झाले का पास?"

"नाही काकू," मी म्हणालो. "तीन महिने परीक्षेलाच बसले नव्हते. आणि पास म्हणून निकाल मी लावत होतो."

काकूंनी आधी वरच्या मजल्याकडे आणि मग खालच्या मजल्याकडे पाहिले, भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली, आणि "बाहेर कुठं बोलू नकोस हो," असे सांगून त्या हळूच वर गेल्या.