'नेहमी अ‍ॅडल्ट मोडमध्ये रहा' म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डबद्दल

सध्या एक पोस्ट सगळीकडे फिरतेय. ट्रान्झॅक्शनल अ‍ॅनालिसिस, म्हणजे टीए या, माणसं एकमेकांशी कशी वागतात-बोलतात हे समजून घ्यायच्या मानसशास्त्रातल्या पद्धतीनुसार, माणसं तीन प्रकारची असतात, पालक, प्रौढ आणि बालक, समोरच्याच्या एका वाक्यावरून त्याचा टाइप ओळखा, स्वतः कायम प्रौढ रहा आणि जे 'गेम' खेळतात त्यांना आयुष्यातून काढून टाका. वाचून खरंच वाईट वाटलं, कारण लोक हे लावून घरातल्या माणसांवर शिक्के मारतायत.

पहिलं म्हणजे हे माणसांचे प्रकार नाहीतच. एरिक बर्न या मानसोपचारतज्ज्ञांनी 1950 च्या दशकात हे मांडलं तेव्हा त्यांचं म्हणणं होतं की या तिन्ही मनाच्या अवस्था (पालक म्हणजे आई-वडिलांकडून उचललेलं वागणं, प्रौढ म्हणजे समोरची परिस्थिती बघून केलेला विचार, बालक म्हणजे लहानपणच्या भावना) प्रत्येकात असतात आणि आपण दिवसभर एकीतून दुसरीत जात असतो.

आता 'कायम प्रौढ रहा'. बर्न तर बालक या अवस्थेला कित्येक बाबतीत व्यक्तिमत्त्वाचा सगळ्यात मोलाचा भाग मानत, कारण उत्स्फूर्तपणा, आनंद, नवं काही सुचणं हे सगळं तिथूनच येतं. पालक अवस्थेमुळे मुलं सांभाळता येतात, शिवाय रोजच्या शंभर गोष्टी दरवेळी नव्याने विचार न करता होऊन जातात. प्रौढाचं काम या दोघांमध्ये मेळ घालायचं आहे, त्यांना हाकलून द्यायचं नाही.

एका वाक्यावरून ओळखणं पण जमत नाही. बर्न चार बाजूंनी बघायला सांगत: बोलणं-हावभाव, समोरच्याकडून येणारा प्रतिसाद, त्या माणसाचा भूतकाळ आणि त्याला स्वतःला आतून काय वाटतंय ते. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी त्यालाच विचाराव्या लागतात, लांबून ठरवता येत नाहीत. "मीटिंग किती वाजता आहे?" याला "तुला कधीच काही लक्षात राहत नाही का?" असं उत्तर आलं तर संवाद तिथे फिसकटला एवढंच म्हणता येतं, त्यावरून स्वभाव कसा काय काढणार?

आणि सगळ्यात जास्त घोळ 'गेम'वरून होतो. गेम म्हणजे वरवर साधा वाटणारा, पण आत वेगळाच हेतू लपलेला, पुन्हा पुन्हा घडणारा संवाद. ती ठरवून केलेली लबाडी नाही, बहुतेक वेळा खेळणाऱ्याला आपण तो खेळतोय हेच माहीत नसतं, आणि त्याला किमान दोघं लागतात. बर्नच्या 1964 च्या पुस्तकातलं गाजलेलं उदाहरण घ्या, एकजण अडचण सांगतो, बाकीचे उपाय सुचवतात आणि तो प्रत्येकाला "हो, पण..." म्हणत राहतो. वरवर दोन प्रौढांचं बोलणं वाटतं, पण आतून एक बालक सल्लागार पालकांना निरुत्तर करत असतो. म्हणजे सल्ले देत सुटलेले आपणही त्या खेळात असतोच, मग कुणाकुणाला काढून टाकणार? यावर बर्न यांनी सुचवलेला मार्ग नातं तोडायचा नाहीये, सल्ला देणं थांबवायचं, अडचण अवघड आहे हे मान्य करायचं आणि विचारायचं, "मग तू काय करायचं ठरवलंयस?"