कारकुनांची नावं, शिपायांचे आकडे

दरवर्षी डिसेंबर सरत आला की आमच्या घरच्या ग्रुपवर एक भांडण ठरलेलं असतं. आधी भीमा कोरेगाव निघतं, मग कुणीतरी इंडिया गेट काढतं, आणि रात्री उशिरा मुद्दा एकच उरतो: इंग्रजांच्या फौजेत लढून मेले ते आपले की त्यांचे? सातारचे मामा एका बाजूला, पुण्याचा मावसभाऊ दुसऱ्या. २०२२च्या जानेवारीत इंडिया गेटची अमर जवान ज्योत राष्ट्रीय युद्धस्मारकाच्या ज्योतीत मिळवली तेव्हा मावसभाऊ म्हणाला, बरं झालं, तिथली नावं साहेबासाठी मेलेल्यांचीच आहेत. मामांनी ग्रुप सोडला. चार दिवसांनी मामीने त्यांना परत आणलं.

मी डब्लिनला. वेळेच्या फरकामुळे या शिळ्या कढीचा ऊत ओसरल्यावरच मला वाचायला मिळतो. आणि मग दिवसभर मी ज्या शहरात फिरतो, ते याच प्रश्नावर शंभर वर्षं कुढत बसलेलं शहर आहे.

कॉलेज ग्रीनला बँक ऑफ आयर्लंडची गोलसर खांबांची इमारत आहे. १८०० सालच्या कायद्याने आयर्लंडची संसद गुंडाळली गेली आणि संसदेची ही वास्तू पुढे बँकेला विकली गेली. पहिल्या महायुद्धात गेलेल्या बँकेच्या माणसांचा स्मृतिफलक तिथे आहे. मी स्वतः आकडेमोडीच्या नोकरीतला, त्यामुळे सरदार-सेनापतींच्या पुतळ्यांपेक्षा हे कारकून मला जवळचे वाटतात.

त्या काळी आयरिश बँकेत चिकटणं सोपं नव्हतं. घराणं बरं हवं, ओळख हवी. लागल्यावर या गावाहून त्या गावाला बदल्या. पगार ठराविक आकड्यापर्यंत पोचल्याशिवाय लग्नाला बँकेची परवानगी नाही, कारण कर्जबाजारी संसारी कारकुनाच्या हाती तिजोरी कशी द्यायची! विरंगुळा म्हणजे शनिवारचा रग्बी. १९१४ साली युद्ध सुरू झाल्यावर आयरिश रग्बी संघटनेचे अध्यक्ष एफ. एच. ब्राउनिंग यांनी लॅन्सडाउन रोडच्या मैदानावर खेळाडूंची पलटण उभी केली. वकील, विमा कंपन्यांतले, बँकांतले कारकून असे ब्रिटिश फौजेतल्या रॉयल डब्लिन फ्युसिलियर्स या आयरिश रेजिमेंटच्या सातव्या बटालियनच्या 'डी' कंपनीत शिरले. शिकलेले असूनही बरेचसे साधे शिपाई म्हणून. या रेजिमेंटच्या जुन्या पलटणीचं टोपणनाव 'ओल्ड टफ्स', म्हणजे जुने खमके. त्यावरून या पोरांना गाव 'टफ्समधले टॉफ्स' म्हणू लागलं. खमक्यांत घुसलेले बाबूसाहेब.

ती 'ओल्ड टफ्स' पलटण म्हणजे मुळात कंपनी सरकारची मुंबईची गोरी फौज. रेजिमेंटच्या युद्धसन्मानांच्या यादीत चक्क 'किरकी' आहे: १८१७ची खडकीची लढाई, पेशव्यांविरुद्धची. सेंट स्टीफन्स ग्रीनच्या तोंडाशी याच रेजिमेंटची बोअर युद्धाची कमान उभी आहे. डब्लिनकरांनी तिला नाव ठेवलं, 'गद्दारांचा दरवाजा'. मी तिच्याखालून बागेत जातो तेव्हा खडकी स्टेशन आठवतं आणि जरा हसू येतं.

ही 'डी' कंपनीची पोरं १९१५च्या वसंतात डब्लिनच्या रॉयल बराक्स या छावणीतून वाजतगाजत निघाली आणि ७ ऑगस्टला तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या सुव्हला किनाऱ्यावर उतरली. आठवडाभरात पाण्याविना जिभा सुजल्या. किरेच टेपेच्या डोंगरधारेवर तुर्की हातबॉम्ब येत होते आणि यांच्याकडे फेकायला बॉम्ब नव्हते, म्हणून यांनी दगड फेकले. काल-परवापर्यंत खतावणीत शाई सांडू नये म्हणून जपणारी माणसं!

ती का गेली? आयरिश नेते जॉन रेडमंड यांनी सप्टेंबर १९१४मध्ये सांगितलं होतं की साम्राज्याच्या बाजूने लढा, होमरूल पदरात पडेल. आपल्याकडे लोकमान्यांचंही म्हणणं त्याच वळणाचं होतं: भरतीला ना नाही, पण स्वराज्याचं बोला. १९१८च्या मुंबईच्या युद्धपरिषदेत ते हेच बोलू लागले तर लॉर्ड विलिंग्डनने त्यांना मध्येच अडवलं. तरीही प्रत्येक कारकून रेडमंडचं भाषण ऐकून गेला असं मला वाटत नाही. शेजारच्या टेबलावरचा गेला म्हणून हा गेला, असेही पुष्कळ असतील. काहींना खतावणीचाच कंटाळा आला असेल. त्याला निष्ठा म्हणा की द्रोह, दोन्ही शब्द ढगळ होतात.

उलट बाजूचा कारकूनही इथेच सापडतो. मायकेल कॉलिन्स पंधरा-सोळाव्या वर्षी लंडनला पोस्टाच्या बचत बँकेत लागला, पुढे एका अमेरिकन ट्रस्ट कंपनीच्या लंडन कचेरीत. सक्तीच्या भरतीची चाहूल लागताच जानेवारी १९१६मध्ये तो डब्लिनला परतला आणि इंग्रजांविरुद्धच्या ईस्टरच्या उठावात उतरला. पुढे क्रांतिकारी सरकारचा अर्थमंत्री म्हणून त्याने कर्जरोखे काढले आणि तो पैसा भलत्यासलत्या नावांच्या खात्यांत दडवला. ती खाती हुडकणाऱ्या ॲलन बेल या मॅजिस्ट्रेटला मार्च १९२०मध्ये भर सकाळी ट्राममधून उतरवून गोळ्या घातल्या. आता गंमत पाहा: 'डी' कंपनी ज्या रॉयल बराक्समधून निघाली, त्यांचं आजचं नाव कॉलिन्स बराक्स.

ब्राउनिंग स्वतः ईस्टरच्या उठावातच मेले, बंडवाल्यांच्या गोळीने. त्यांची पोरं परत आली तेव्हा त्यांना निरोप देणारं शहर उरलं नव्हतं. मार्च १९२७मध्ये सरकारी वाड्यांसमोरच्या मेरियन स्क्वेअरमध्ये युद्धस्मारक करायचं निघालं. आता स्वतंत्र झालेल्या आयर्लंडचे मंत्री केव्हिन ओ'हिगिन्स यांचा सख्खा भाऊ त्या युद्धात गेला होता, तरी ते उठून म्हणाले, हे राज्य त्या बलिदानावर उभं नाही आणि तसं भासवायलाही नको. स्मारक मग गावाबाहेर आयलंडब्रिजला गेलं. आराखडा एडविन लुटियन्सचा, म्हणजे इंडिया गेटवाल्याचाच. नंतर ते इतकं दुर्लक्षित झालं की डागडुजी होऊन त्याचं रीतसर लोकार्पण व्हायला १९८८ उजाडलं. आता सगळं निवळलं म्हणावं, तर २०२०च्या जानेवारीत ब्रिटिश अमदानीतल्या आयरिश पोलिसांच्या स्मरणाचा सरकारी कार्यक्रम आरडाओरड्यामुळे पुढे ढकलावा लागला. तेव्हा 'परदेशात बघा कसे समंजस' असं घरी सांगायची माझी हिंमत नाही.

पण एक फरक मला इथे राहून दिसला. ग्रुपवर मी तो लिहिला नाही, कारण दोन्ही बाजू मलाच धरतील.

डब्लिनचं भांडण नावांवरून चालतं. बँकेने आपल्या कारकुनाचं नाव कोरून ठेवलं. १९२३ साली आयर्लंडच्या मृतांची आठ खंडांची नोंद छापली, तिच्यात ४९ हजारांवर नावं. त्या नावांची लाज वाटली, अभिमान वाटला, पण ती होती. आपल्याकडचं बघा. २९ एप्रिल १९१६, ज्या दिवशी ईस्टर उठावाचा नेता पिअर्सने डब्लिनमध्ये शरणागती लिहून दिली, त्याच दिवशी इराकात कुत-अल-अमारात सहावी पुणे डिव्हिजन शरण गेली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. कैदेतल्या पायपिटीत किती मेले! त्या आघाडीच्या मृतांसाठी बसऱ्याला स्मारक झालं. तिथे साध्या इंग्रज शिपायाचं नाव कोरलं, हिंदी अधिकाऱ्याचं कोरलं. हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार आकडा. २०२१ साली युद्धकबरींच्या आयोगाने या भेदाबद्दल माफी मागितली.

नाव असण्याने काय होतं ते कोरेगावला दिसतं. त्या स्तंभावर 'नाक' अखेरीला असलेली महार शिपायांची नावं आहेत, म्हणून १ जानेवारी १९२७ला डॉ. आंबेडकर तिथे गेले आणि लोकांना आपला पणजा त्यात दिसला. कंपनी सरकारने आपला विजय मिरवायला उभारलेला खांब लोकांनी आपल्यासाठी वाचला. त्याच वर्षी इथे ओ'हिगिन्स नाही म्हणत होते.

साताऱ्याच्या, रत्नागिरीच्या गावांतले दगड आठवा: या गावातून इतके महायुद्धाला गेले, इतके कामी आले. वर इंग्रजी, खाली मराठी. कारकुनाला शाखा आहे, नाव आहे. शेतकऱ्याच्या पोराला बेरीज. आणि आम्ही त्या बेरजेला वीर म्हणायचं की भाडोत्री, यावर ग्रुप सोडतो.

गेल्या महिन्यात मामांना फोन केला. म्हटलं, मामा, शाळेमागच्या दगडावर जे आहेत त्यातलं एक तरी नाव सांगा. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "आपल्या आज्याचा थोरला भाऊ होता त्यात, एवढं म्हातारी म्हणायची. नाव… दौलती का धोंडी, बघ. पाटलाच्या घरात जुनी कागदं आहेत, विचारतो."

परवा रात्री त्यांचा फोटो आला, ग्रुपवर नाही, मला एकट्याला. दगडाला कुणीतरी पिवळा ऑइलपेंट फासलाय, पण आकडा वाचता येतो. खाली मामांनी लिहिलंय: कागदं मावशीच्या पोराकडे पुण्याला गेलीत म्हणे, त्यालाच विचारावं लागेल.