अर्धा बंपर

उभ्या गाडीला म्हैस धडकली, एवढंच झालं. कोल्हापुरात गंगावेशीत संध्याकाळी धारोष्ण दुधाच्या कट्ट्यावर मी ग्लास हातात घेऊन उभा, गाडी कडेला लावलेली. मागून एक बुलेट सायलेन्सरमधून फटाके काढत गेली, म्हैस बिथरली आणि सरळ गाडीच्या तोंडावर आली. म्हशीला काही झालं नाही. माझा बंपर फाटला, डावा हेडलाइट फुटला, फेंडर आत गेला आणि बोनेटला पोचा आला. गॅरेजचं बिल 28,000. विमा कंपनीनं मंजूर केले 18,300. मधले 9,700 अजून पचलेले नाहीत, आणि ज्यानं ते मला समजावून सांगितले त्याच्यावरचा राग त्याहून कमी पचलाय.

तो म्हणजे उद्यमनगरातल्या गॅरेजमालकांचा भाचा. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय आणि विम्याच्या सर्व्हेअरच्या, म्हणजे नुकसान मोजणाऱ्याच्या, परीक्षेचा अभ्यास चाललाय. परीक्षा, ट्रेनिंग, लायसन सगळं अजून पुढं आहे, पण गॅरेजमधली पोरं आत्तापासूनच त्याला 'सायेब' म्हणतात आणि तो ओ देतो. कंपनीचे खरे सर्व्हेअर आले ते दहा मिनिटांत गेले. चारी बाजूंचे फोटो, नंबर प्लेट, चेसिस नंबर, मीटरचं रीडिंग, आरसी आणि लायसन बघितलं, 'गाडी उभी होती ना?' विचारलं आणि निघाले. सभ्य माणूस. त्यांनी मला काहीच समजावून सांगितलं नाही. ते काम सायबांनी अंगावर घेतलं. दोन तास.

सुरुवात क्लेम फॉर्मपासून झाली. 'अपघाताच्या वेळी वाहनाचा वेग' या रकान्यात मी शून्य लिहिलं. पुढे 'समोरच्या वाहनाचा क्रमांक'. मी रेघ मारणार तेवढ्यात सायेब म्हणाले, "रेघ मारू नका काका. म्हशीच्या कानात बिल्ला हुता काय?"

होता. पिवळा.

"मग म्हशीचा विमा असू शकतोय. बिल्ला नसंल तर क्लेम नाही, असा नियमच असतोय. म्हैस मेली तर डॉक्टरचं पोस्टमॉर्टेम लागतंय आणि बिल्ला कागदांबरोबर जमा करावा लागतोय. नंबर बघितलासा काय?"

माझ्या गाडीला धडकलेल्या म्हशीचा कान धरून मी नंबर टिपून घ्यायला हवा होता, हे मला खरोखरच सुचलं नाही.

"बरं, मालकानं काय दिलं?"

मी सांगितलं. मालक बिचारा ओशाळला होता. पैसे नको म्हटल्यावर त्यानं दोन ग्लास दूध दिलं, वर साखर. मी प्यालो. सायबांनी हातातला पाना खाली ठेवला.

"दूध प्यालासा?"

"हो."

"दोन्ही ग्लास?"

"हो."

"आणि काय बोल्लासा?"

"म्हटलं, जाऊ दे, मिटलं."

"काका," सायेब इतक्या हळू आवाजात बोलले, की रंगाच्या बूथमधला पेंटरसुद्धा मान बाहेर काढून ऐकायला लागला, "ही सब्रोगेशन हाय. कंपनी तुमाला पैसे देती, मग तुमच्या चपला घालून मालकाच्या दारात जाती आणि ते पैसे वसूल करती. तुमचा जो हक्क, तोच तिला मिळतोय. तुमी मिटवून टाकलासा तर तिच्या पायाला चप्पलच र्‍हायली नाही."

"अहो, दोन ग्लास दूध..."

"दूध असू दे न्हाईतर दोन लाख. मिटलं म्हणालासा नव्हं? लिहून दिलंय काय?"

"दुधावर लिहून कोण घेतं?"

"मग वाचलासा," सायेब म्हणाले आणि पाना उचलला. पेंटरनं मान आत घेतली. मला घाम फुटला होता, आणि मी कशातून वाचलो हे मला कळलेलं नव्हतं.

आता मी ज्या मुद्द्यावर अडून बसलो होतो तो सांगतो. बंपर फुटला, कंपनीनं बंपर द्यावा. हे कुणालाही पटावं. सायबांना पटलं नाही. "विमा म्हणजे भरपाई, फायदा न्हवं. पडलासा तिथनं उचलून आधी हुता तिथं नेऊन ठेवायचं, एक पायरी वर न्हाई. तुमचा बंपर पाच वर्सं वापरलेला. त्याच्या जागी कोरा दिला तर तुमीच म्हशीला हळदीकुंकू लावशीला." म्हणून घसारा, म्हणजे वस्तू वापरून जुनी झाल्याची कपात. रबर, नायलॉन, प्लास्टिक, टायर, ट्यूब, बॅटरी आणि एअरबॅग यांना सरळ 50 टक्के, मग गाडी कालची का असेना. फायबरग्लासला 30. काचेला शून्य.

"हेडलाइट काचेचा आहे," मी चटकन म्हणालो.

सायबांनी फुटका हेडलाइट नखानं वाजवला. टक् असा मेलेला आवाज आला. "प्लास्टिक," ते म्हणाले, आणि 4,800 चे 2,400 झाले.

आता पत्रा. पत्र्याचा घसारा वयावर. सहा महिन्यांपर्यंत काही नाही, वर्षापर्यंत 5, दोन वर्षांपर्यंत 10, मग 15, 25, 35 आणि पाच वर्षं उलटली की 40 टक्के. दहा वर्षांपुढे 50. माझ्या गाडीला पाच वर्षं दोन महिने झाले होते. ही म्हैस जरा लवकर, दोन महिने आधी बिथरली असती तर फेंडरवर 35 कापले असते. 3,500 च्या फेंडरवर पाच टक्के म्हणजे 175 रुपये, हे मीही जाणतो. पण 175 रुपयांसाठी माणूस रात्री जागा राहू शकतो, हे मला आता अनुभवानं माहीत आहे.

रंगाच्या बाबतीत तर मी हात टेकले. मजुरीवर घसारा नसतो, पण रंगाच्या मालावर 50 टक्के असतो. बिलात माल आणि मजुरी वेगळी दाखवली नसेल तर एकूण रंगकामाचा पाव भाग म्हणजे माल असं धरतात. तीन पॅनेलचा रंग 9,600. पाव भाग 2,400. त्याचे निम्मे 1,200 कापले, 8,400 दिले. हे ऐकताना पेंटर पुन्हा बाहेर आला. त्याचं म्हणणं, पुट्टीचा डबा, प्रायमर, थिनर, क्लिअर कोट मिळून मालच निम्मा होतो, पाव कोण म्हणतो? सायेब म्हणाले, "गप बस, ह्यात काकांचा फायदा हाय." संपूर्ण प्रकरणात माझ्या फायद्याचा झालेला हा एकमेव उल्लेख.

मग सगळं कागदावर मांडलं, जीएसटीसकट. बंपर 6,000 चे 3,000. हेडलाइट 2,400. फेंडर 2,100. बोनेट बदलायचं नाही, ठोकून सरळ करायचं, त्याची मजुरी 2,000 पुरी. फिटिंग 1,700 पुरं. रंग 8,400. क्लिपा, स्क्रू, ग्रीस असलं किरकोळ 400, त्याचे शून्य, कारण कन्झ्युमेबलचं वेगळं कव्हर मी घेतलं नव्हतं. झाले 19,600. त्यातून सक्तीची वजावट. गाडी 1500 सीसीपर्यंतची असेल तर 1,000, वरची असेल तर 2,000. ही प्रत्येक क्लेमला जातेच. बोकडाची मुंडी गावकीला जावी तशी. उरले 18,600. शेवटी सॅल्व्हेज 300. ते काय, त्यावर येतो.

"झिरो डेप घेतला असतासा तर..." सायबांनी सुरुवात केली. मी हात जोडले. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं जादा कव्हर, दरवर्षी विचारत होते आणि दरवर्षी मी दोन-अडीच हजार वाचवले म्हणून घरी फुशारकी मारत होतो. आणि आता पाच वर्षं झाल्यावर तो बऱ्याच ठिकाणी मिळतही नाही.

मला वाटलं, संपलं. पण सायबांना खरी गोडी होती ती पुढं. "तुमचा नो क्लेम बोनस किती?" प्रीमियमवर 50 टक्के सूट. पाच वर्षं काही मागितलं नाही म्हणून 20, 25, 35, 45 करत इथवर आलेला. एक क्लेम केला की पुढच्या वर्षी शून्य, आणि परत पहिल्या पायरीपासून. ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा, प्रीमियम सूट न धरता 8,000 धरला तर पुढच्या वर्षी 4,000 जास्त, त्याच्या पुढच्या वर्षी 2,400, मग 2,000, मग 1,200, मग 400. बेरीज 10,000. "गाडीची किंमत उतरंल तसा प्रीमियम बी उतरतोय, जरा कमी धरा. पण 18,300 मिळवायला तुमी दहाच्या आसपास घालिवलासा." हे त्यांनी क्लेम मंजूर झाल्यावर सांगितलं. आधी का नाही सांगितलं? "तुमी इचारलंच न्हाईसा."

इथं जरा चिडून लिहितो. पॉलिसी विकणाऱ्यानं कधी हा हिशेब मांडून दाखवला? तो वर्षातून एकदा फोन करतो, आवाजात मध असतो, आणि 'सर, फुल्ल इन्शुरन्स आहे' म्हणतो. फुल्ल! रबर अर्धं, प्लास्टिक अर्धं, पत्रा साठ टक्के, क्लिपा शून्य, याला कोल्हापुरात फुल्ल म्हणत असतील तर तांबड्या रश्श्यात मटण घालायची गरज नाही. आणि सगळं पॉलिसीत छापलेलं असतं, हेच त्यातलं दुखणं. तक्रार करावी तर कुणाची? मुदतीही त्यांनी पाळल्या. 24 तासांत सर्व्हेअर नेमायचा, 15 दिवसांत त्याचा अहवाल, अहवाल आल्यावर 7 दिवसांत निर्णय, सगळं वेळेत. कंपनीनं नीट उत्तर दिलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येतं, फी नाही, वकील नाही. सायबांनी तेही सांगितलं आणि लगेच म्हणाले, "पण घसाऱ्यासाठी जाऊ नका. हसतील."

चहा आला. चहाबरोबर शेजारच्या वर्कशॉपचे एक अण्णा आले आणि पुराचा विषय निघाला. कोल्हापुरात विम्याच्या गप्पा पंचगंगेपर्यंत पोचल्याशिवाय संपत नाहीत. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ. 2019 च्या पुरात अण्णांची गाडी बोनेटपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर अण्णांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे किल्ली फिरवली. इंजिनात पाणी होतं. पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर जाताना अडला, कनेक्टिंग रॉड वाकला. पुराचं नुकसान मिळालं, इंजिनाचं नाही. "पूर तुमी आणला न्हवता, किल्ली तुमीच फिरवलासा," सायेब म्हणाले. मूळ कारण कुठलं ते शोधायचं आणि साखळी मधेच कुणी तोडली का ते बघायचं, हा म्हणे परीक्षेच्या पेपरातला हमखास प्रश्न. अशा वेळी बॅटरीची वायर काढायची, गाडी टो करून न्यायची, किल्लीला हात लावायचा नाही. अण्णा सहा वर्षांनीसुद्धा ऐकायला तयार नव्हते.

त्यांच्या मेव्हण्याच्या दुकानाची गोष्ट आणखी वाईट. माल 20 लाखांचा, विमा 10 लाखांचा. पुरात 4 लाखांचा माल भिजला. मेव्हणा म्हणाला, दहाचा विमा आहे, चार द्या. मिळाले दोन. निम्म्या मालाचा विमा काढला म्हणजे उरलेल्या निम्म्याचे विमेदार तुम्ही स्वतः. प्रत्येक नुकसानात निम्मा वाटा तुमचा. दोनच मिळणार असं कळल्यावर, आठाचे निम्मे चार म्हणून त्यानं आठ लाखांचा माल भिजला असंही लिहून बघितलं होतं. सर्व्हेअरनं स्टॉक रजिस्टर, खरेदीची बिलं आणि जीएसटीची विवरणपत्रं समोर ठेवली. "मेल्या म्हशीला मणभर दूध," सायेब म्हणाले. "अख्ख्या क्लेम डिपार्टमेंटचं शिक्षण ह्या एका म्हणीत हाय काका."

म्हशीवरून आठवलं म्हणून मी विचारलं, माझी गाडी पुरती गेली असती तर? त्यांनी आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, बघितली. 3,20,000. दुरुस्ती 75 टक्क्यांवर, म्हणजे 2,40,000 च्या वर गेली असती तर गाडी टोटल लॉस धरली असती आणि आयडीव्हीप्रमाणे पैसे मिळाले असते, घसारा न लावता. सायेब गाडीभोवती एक चक्कर मारून आले. "म्हैस कमी पडली," असं म्हणताना त्यांना खरोखर वाईट वाटलेलं दिसलं.

गाडी दहा दिवसांनी मिळाली. रंगाचा डाग लागलेला नाही, हेडलाइट उजव्यापेक्षा जरा जास्त पांढरा आहे. निघताना पोरांनी मागच्या सीटवर एक लांबडं फाटकं काहीतरी आडवं घातलं. फुटका बंपर. सॅल्व्हेजचे 300 म्हणजे या मोडतोडीची किंमत. ती कंपनीनं माझ्या पैशांतून कापली, म्हणजे माल माझा. कायद्यानं मी आता अर्ध्या नव्या आणि एका पुऱ्या फुटक्या बंपरचा मालक.

आठ दिवस तो गॅलरीत तुळशीशेजारी होता. मग भंगारवाला आला. त्यानं उचलून वजन बघितलं आणि म्हणाला, चाळीस रुपये. मी म्हटलं, बाबा रे, याचे तीनशे धरलेत. त्यानं बंपर होता तिथं परत नीट टेकवून ठेवला.

"ज्यांनी तीनशे धरलंय, त्यांनाच घाला की मग."